वीज कुठवर पोचली?

‘जुना टीव्ही गेम आहे. मध्यंतरी त्यात एव्हीची पिन बसवून घेतली होती. आता बटण दाबलं तरी काहीच होत नाही. गेला का तो?’

बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत पिशवीतून जुनं यंत्र घेऊन आलेला माणूस साधारण असंच विचारतो. प्रश्न मनापासूनचा असतो, कारण त्या यंत्रावर त्याच्या शाळेच्या सुट्ट्या गेलेल्या असतात. पण ‘गेला का’ या प्रश्नाला बाहेरून उत्तर देता येत नाही. ‘वीज आत कुठवर पोचली?’ हा प्रश्न विचारला तर देता येतं. तीस-चाळीस वर्षं जुन्या आणि मेली म्हणून माळ्यावर टाकलेल्या पुष्कळ यंत्रांचा मुख्य आयसी शाबूत असतो. वीज त्याच्यापर्यंत पोचत नसते. ती कुठे अडली हे शोधायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक साधा मल्टिमीटर आणि क्रम न सोडण्याची शिस्त एवढं पुरतं.

१. आत काय बदललेलं असतं?

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला बाजारात आला. आपल्याकडे त्याच्या नकला मायक्रो जीनियस, लिटल मास्टर अशा नावांनी घरोघरी पोचल्या. त्यांत घालायच्या गेमला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो आणि हातातल्या कंट्रोलरला ‘रिमोट’. सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८ चा. नव्वदच्या दशकात शॉ वॉलेस कंपनीने सेगाची यंत्रं भारतात विकली. सोनीचं प्लेस्टेशन २ आलं २००० साली.

या यंत्रांत बदल करून घेण्याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. मूळ फॅमिकॉममधून चित्र अँटेनाच्या तारेतूनच बाहेर येतं, तेही जपानी चॅनेलवर आणि जपानी एनटीएससी पद्धतीने. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, त्यामुळे चॅनेल लागलं तरी चित्र आणि आवाज धड मिळत नाही. म्हणून त्यात पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही जोडणी काढून घेतात. आजकाल आत छोटा एचडीएमआय बोर्डही बसवतात. पालच्या ५० हर्ट्‌झवर मेगा ड्राइव्हचे कित्येक गेम ६० हर्ट्‌झच्या मानाने सुमारे १७ टक्के हळू चालतात, म्हणून काही जण बोर्डावरचा ट्रॅक कापून ५०-६० चा स्विच लावतात. हातात धरून खेळायच्या गेम बॉयला उजळ पडदा बसवतात. प्लेस्टेशन २ मध्ये परदेशी आणि कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून ‘चिप’ बसवलेली असायची. ती चिप बोर्डावरच्या बारीक बारीक बिंदूंना केसासारख्या तारांनी जोडलेली असते.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट समान आहे. नव्या भागाला वीज लागते आणि ती जुन्या यंत्राच्या विजेतूनच घेतलेली असते.

२. बंद म्हणजे नेमकं कसं बंद?

मीटर हातात घेण्याआधी डोळे आणि कान वापरा. चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत: दिवा लागतच नाही, दिवा लागून लगेच विझतो, दिवा लागतो पण पडदा काळा राहतो, आणि दहा मिनिटं छान चालून यंत्र बंद पडतं. प्रत्येकीचं कारण वेगळ्या ठिकाणी असतं.

मूळ फॅमिकॉमला तर वीज आल्याचं सांगणारा दिवाच नाही. टीव्ही काळा दिसला की लोक यंत्र मेलं असं ठरवतात, आणि दोष टीव्हीच्या चुकीच्या इनपुटचा किंवा सैल एव्ही तारेचा असतो. फॅमिकॉमचा परदेशी भाऊ असलेल्या एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकला तर तो विजेचा बिघाड नाहीच. त्या यंत्रात कॅसेट अस्सल आहे का हे तपासणारा आयसी असतो. कॅसेटचे किंवा ७२ पिनांच्या सॉकेटचे संपर्क मळले की तपासणी फसते आणि तो आयसी यंत्राला पुन्हा पुन्हा रीसेट करत राहतो. वीज त्या वेळी व्यवस्थित चालू असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन पिना पुसल्या की बहुतेक वेळा काम होतं.

जाड्या प्लेस्टेशन २ ला पाठीमागे एक मुख्य स्विच असतो आणि पुढे एक बटण. मागचा स्विच चालू असेल तर पुढे लाल दिवा दिसायला हवा. बटण दाबल्यावर तो हिरवा होतो. लाल दिवाच नसेल तर आधी मागे हात घालून बघा. लाल आहे पण बटणाला काहीच प्रतिसाद नाही, ही वेगळी तक्रार, तिच्याकडे पुढे येऊ.

३. दाब आणि प्रवाह

बंगळुरूच्या नळाला येणारं कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी या तीन ठिकाणी पंप लावून ते चढवत आणावं लागतं. जयनगरातल्या एखाद्या घरी नळ कोरडा पडला, तर शहाणा माणूस नळ बदलत नाही. तो गच्चीवरची टाकी बघतो, मग अंगणातला संप, मग रस्त्यावरच्या लाइनला पाणी आहे का ते शेजारी विचारतो. कुठपर्यंत पाणी आहे आणि कुठून पुढे नाही, हे कळलं की दोष त्या दोन जागांच्या मध्येच असतो. यंत्रातल्या विजेचा शोध असाच घ्यायचा.

पाण्याचा दाब तो विजेचा व्होल्टेज, व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून प्रत्यक्ष वाहणारं पाणी तो करंट, अँपिअरमध्ये मोजतात. नळ उघडा नसेल तर दाब असूनही पाणी वाहत नाही. म्हणूनच २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर १ अँपिअरच्या यंत्राला लावला तर बिघडत नाही. यंत्र हवा तेवढाच करंट घेतं. व्होल्टेज मात्र जुळलंच पाहिजे. आणि डीसी विजेला दिशा असते, प्लस आणि मायनस. माझ्या मते या यंत्रांना सगळ्यांत जास्त इजा या तिसऱ्या गोष्टीने झालेली आहे.

४. अ‍ॅडॅप्टर

पहिला संशयित घराबाहेर, म्हणजे यंत्राबाहेरच असतो. आपण ज्याला ‘एलिमिनेटर’ म्हणायचो तो काळा ठोकळा वर्षानुवर्षांत हरवतो आणि ड्रॉवरमध्ये सापडलेला दुसरा कुठला तरी लावला जातो. आज घरात सापडणारे बहुतेक अ‍ॅडॅप्टर राउटरचे नाहीतर सीसीटीव्हीचे, १२ व्होल्टचे आणि आतली पिन प्लस असलेले. फॅमिकॉमला हवेत १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअर, आणि आतली पिन मायनस. पहिल्या मेगा ड्राइव्हचीही आतली पिन मायनस, पण मेगा ड्राइव्ह २ ची आतली पिन प्लस. नाव एकच, कंपनी एकच, दिशा उलटी. कंपनीने दोघांच्या पिनांचा आकार वेगळा ठेवला होता, पण टोकं बदलता येणारा ‘युनिव्हर्सल’ अ‍ॅडॅप्टर ते संरक्षण मोडून टाकतो.

एनईएसच्या अ‍ॅडॅप्टरमधून तर ९ व्होल्ट एसी बाहेर येतो. त्याचं डीसी यंत्राच्या आत होतं. मल्टिमीटर डीसीवर ठेवून हा अ‍ॅडॅप्टर मोजला तर शून्य दिसतं आणि चांगला अ‍ॅडॅप्टर कचऱ्यात जातो. तोच अ‍ॅडॅप्टर फॅमिकॉमला लावला तर यंत्र मरू शकतं.

जपानहून आणलेल्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनवलेला असतो. आपल्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट, दुपटीहून जास्त. प्रवासात वापरतात तो छोटा कन्व्हर्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. जपानी ठोकळा बाजूला ठेवून त्याच व्होल्टचा, त्याच दिशेचा इथला अ‍ॅडॅप्टर घेणं सगळ्यांत स्वस्त आणि सुरक्षित.

अ‍ॅडॅप्टर मोजताना मीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर आतली पिन मायनस आहे. जुन्या वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅडॅप्टरवर १० लिहिलेलं असून मीटरवर १३ किंवा १४ दिसले तर घाबरू नका. तो मोकळा असताना जास्तच दाखवतो, यंत्र जोडलं की खाली येतो. नव्या हलक्या अ‍ॅडॅप्टरने मात्र लिहिलेल्या आकड्याजवळच थांबायला हवं.

५. मीटर घेऊन आत

इथे एक कडक सूचना. जाड्या प्लेस्टेशन २ मध्ये आणि बारीक प्लेस्टेशन २ च्या शेवटच्या मॉडेलांत घरातली २३० व्होल्ट वीज थेट यंत्राच्या आत जाते. तिथल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतात. हा भाग नवख्याने उघडू नये. पुढे मीटरने मोजण्याचं जे सांगतो आहे ते बाहेर वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेल्या यंत्रांसाठी.

फॅमिकॉम आणि जपानी मेगा ड्राइव्ह साध्या चौफुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडतात. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमला ४.५ मिलिमीटरचा खास बिट लागतो, जुन्या गेम बॉयला तीन पात्यांचा. चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट करून स्क्रूचं डोकं गोल करण्यापेक्षा बिट विकत घ्या. एस. पी. रोड म्हणजे सदर पत्रप्पा रोड. बंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या त्या दाटीत बिट, मीटर, २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, अल्कोहोल सगळं मिळतं. महाग मीटरची गरज नाही. डीसी व्होल्ट, ओहम आणि जोडणी असल्यास बीप करणारी कंटिन्युइटी, एवढं असलं की झालं.

आतला मार्ग असा: अ‍ॅडॅप्टरचा जॅक, मग स्विच, काही यंत्रांत फ्यूज किंवा डायोड, मग रेग्युलेटर, आणि शेवटी आयसी. रेग्युलेटर ओळखायला सोपा. तीन पायांचा, पाठीला धातूची पट्टी आणि बहुतेक वेळा ती ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर स्क्रूने आवळलेली. अंगावर ७८०५ लिहिलेलं असतं. त्यातले शेवटचे ०५ म्हणजे ५ व्होल्ट. आत ९-१० व्होल्ट येतात, बाहेर नेमके ५ जातात. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली करून धरला तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मीटरचं काळं टोक त्या धातूच्या पट्टीला लावलं की ग्राउंड मिळालं.

आता लाल टोक वाटेवरच्या एकेका ठिकाणी लावायचं. समजा, जॅकच्या मागे १०.४ व्होल्ट आहेत, स्विचच्या पुढेही १०.४ आहेत, रेग्युलेटरच्या इनपुटला १०.४ आणि आउटपुटला शून्य. म्हणजे दोष रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या पुढे. पुढे शॉर्ट असेल तर ७८०५ स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडतो, त्यामुळे लगेच तो बदलायला धावू नका. वीज काढा, मीटर ओहमवर ठेवा, आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा. एक-दोन ओहमच दिसले तर पुढे शॉर्ट आहे. शंभर, दोनशे, पाचशे असं काही दिसलं तर शॉर्ट नाही, रेग्युलेटर संशयित. खात्री करायची तर त्याचा आउटपुट पाय बोर्डातून मोकळा करा आणि पुन्हा वीज द्या. मोकळ्या पायावर ५ व्होल्ट आले तर तो निर्दोष आहे.

आकडे उलटे असते, म्हणजे जॅकच्या मागेच शून्य असतं, तर? अ‍ॅडॅप्टर चांगला आहे हे आपण आधीच पाहिलंय. मग जॅकचे सोल्डरचे डाग बघा. वायर ओढून ओढून जॅकच्या पायाशी सोल्डरला गोल बारीक चीर पडते. मेकॅनिक त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. भिंगातून ती कडी दिसते. आयर्न टेकवून थोडं ताजं सोल्डर दिलं की यंत्र उठतं. किती यंत्रं या एका चिरेपायी भंगारात गेली असतील, या विचाराने वाईट वाटतं.

स्विचच्या अलीकडे वीज आहे आणि पलीकडे नाही किंवा कमी आहे, तर संपर्क गंजलेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षं काढलेल्या यंत्रात हे हमखास. बंगळुरूची हवा त्या मानाने बरी, पण यंत्र कुठून आलं हे विचारून घ्यावं. वीज काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा मागे-पुढे केला की बहुतेक सुधारतो. गेम बॉयमध्ये सेलच्या पट्ट्या बघा. अल्कलाइन सेल गळून पडलेला पांढरा थर व्हिनेगरने विरघळतो. नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा.

फ्यूज उडालेला सापडला तर त्या जागी तार जोडू नका, ही कळकळीची विनंती. फ्यूज कशामुळे तरी उडालेला असतो. ते कारण तसंच ठेवून तार जोडली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्डाचा ट्रॅक जळतो, आणि मग दुरुस्ती खरंच अवघड होते.

६. बदल करणाऱ्याचा हात

कारखान्यातून आलेलं यंत्र आणि बदललेलं यंत्र यांत तपासाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. कारखान्यातल्या बोर्डावर काय कुठे असायला हवं हे ठरलेलं असतं. बदललेल्या यंत्रात कुणी कुठून वीज घेतली, कुठली तार कुठल्या बिंदूला लावली, याची नोंद बहुधा नसते. म्हणून उघडल्याबरोबर, काहीही हलवण्याआधी, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. मग कारखान्याचं काय आणि नंतर लावलेलं काय हे नजरेने वेगळं करा. हाताने लावलेले डाग गोळीसारखे फुगीर असतात, भोवती फ्लक्सचा पिवळट थर असतो, तारा वेगळ्या रंगांच्या असतात.

फॅमिकॉममध्ये मागे एक छोटा वेगळा बोर्ड आहे. विजेचा जॅक, ७८०५ आणि अँटेनाचं चित्र बनवणारी डबी हे सगळं त्याच बोर्डावर. म्हणजे चित्रासाठी एव्ही काढायला गेलेला माणूस विजेच्या वाटेत हात घालतोच. ‘मी तर फक्त चित्राचं काम करून घेतलं, विजेला काही केलं नाही’ असं सांगणाऱ्याचं यंत्र विजेमुळेच बंद पडलेलं निघतं, त्याचं कारण हे. त्या बोर्डाकडून मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या तारा उघडझाप करताना वाकतात आणि डागाच्या अगदी मुळाशी तुटतात. बाहेरून आवरण अखंड दिसतं. कंटिन्युइटी लावून प्रत्येक तारेची बीप ऐका.

दुसरी नेहमीची तक्रार: ‘उघडं असताना चालतं, स्क्रू आवळले की बंद.’ मेगा ड्राइव्ह आणि प्लेस्टेशन २ यांच्या बोर्डावर पत्र्याची ढाल असते. नवी तार तिच्या कडेखाली चिमटली की आवरण कापलं जातं आणि प्लस सरळ ग्राउंडला भिडतो. तार दुसऱ्या वाटेने न्या आणि उष्णतेने न वितळणारी पिवळसर कॅप्टन टेप लावा. वायरमनची काळी चिकटपट्टी इथे लावू नये. गरम झाली की तिचा डिंक सुटतो आणि ती सरकते.

प्लेस्टेशन २ मध्ये चिप बसवल्यावर लाल दिवा आहे पण बटण मेलेलं, ही वर सोडून दिलेली तक्रार. पुढचं बटण एका पातळ पट्टीसारख्या केबलने बोर्डाला जोडलेलं असतं. यंत्र उघडताना ती फाटते, किंवा बंद करताना सॉकेटमध्ये तिरकी बसते. चिप निर्दोष असते, बोर्ड निर्दोष असतो. बटणाचा निरोपच पोचत नसतो. लाल दिवा हिरवा होऊन लगेच पुन्हा लाल झाला, तर मात्र चिपच्या तारांमध्ये कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी.

तिसरी जागा कॅपॅसिटरची. जुने कॅपॅसिटर गळतात, म्हणून बदल करणारा माणूस एकदमच सगळे नवे घालतो. हेतू चांगला असतो. पण ॲल्युमिनियमच्या नळकांड्या कॅपॅसिटरवरचा पट्टा मायनस दाखवतो, आणि छोट्या चौकोनी टँटालमवरचा पट्टा प्लस. दोन्ही पट्टेच, अर्थ उलटा. टँटालम उलटा बसला की तो शॉर्ट होतो आणि ५ व्होल्टची सगळी लाइन बसते. मोजताना एक-दोन ओहम सापडले असतील तर नव्या टँटालमांपासून सुरुवात करा.

या सगळ्याआधी करायची चाचणी एकच: नव्या भागाकडे जाणारी ५ व्होल्टची तार मोकळी करा. पूर्ण बदल काढायची गरज नाही, एकच तार. मग पुन्हा मोजा. यंत्र उठलं तर दोष नव्या भागात आहे. नाही उठलं तर जुन्या वाटेत. दहा मिनिटांच्या या कामाने तपासाचं क्षेत्र निम्म्यावर येतं, आणि तरी ते सोडून लोक आधी महागडे भाग मागवतात. कापलेला ट्रॅक असेल तर तार काढून भागत नाही, तो पुन्हा जोडावा लागतो, हे लक्षात ठेवा.

७. बदल निर्दोष असूनही

कधी कधी नवा भाग अगदी नीट बसवलेला असतो आणि तरी यंत्र त्यानंतरच बंद पडतं. हे समजून घ्यायला थोडं गणित करू.

समजा ८५० मिलीअँपिअरचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट देतो. स्विच गंजून त्याच्या संपर्कात २ ओहमचा अडथळा तयार झालाय. यंत्र मुळात ०.६ अँपिअर घेतं. अडथळ्यावर वाया जाणारं व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले ओहम: ०.६ गुणिले २, म्हणजे १.२ व्होल्ट. रेग्युलेटरपर्यंत पोचतात ७.८. ७८०५ ला ५ व्होल्ट नीट देण्यासाठी साधारण ७ लागतात, म्हणजे यंत्र चालतंय आणि गंजाचा कुणाला पत्ता नाही.

आता एचडीएमआय बोर्ड बसला आणि त्याने आणखी ०.३ अँपिअर घेतले. एकूण ०.९. स्विचवर वाया गेले १.८ व्होल्ट, पुढे राहिले ७.२. त्यात ८५० मिलीअँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरवर आता क्षमतेपेक्षा जास्त भार आला, तो अर्धा व्होल्ट बसला. रेग्युलेटरला मिळाले ६.७ आणि त्याने पुढे दिले ४.७. या काळातले आयसी साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये चालावेत असे बनवलेले असतात. पडदा काळा. दोष एचडीएमआय बोर्डावर येतो, पण दुरुस्त करायचाय तो स्विच, आणि अ‍ॅडॅप्टर थोडा मोठ्या क्षमतेचा घ्यायचाय.

‘दहा मिनिटं चालतं आणि बंद पडतं’ या तक्रारीचं उत्तरही याच हिशेबात आहे. ७८०५ जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. १० व्होल्ट आत, ५ बाहेर, करंट ०.५ अँपिअर: ५ गुणिले ०.५, म्हणजे अडीच वॉट उष्णता. अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा लावला तर ७ गुणिले ०.५, साडेतीन वॉट. त्यात नव्या भागाने करंट ०.८ वर नेला तर ५.६ वॉट, दुपटीहून जास्त. ७८०५ फार तापला की स्वतःच बंद होतो, गार झाला की पुन्हा चालू. त्यामुळे ‘थोडा वेळ ठेवला की परत चालतो’ असं ऐकलं की हीट सिंकचा स्क्रू सैल आहे का, मधली थर्मल पेस्ट सुकली आहे का आणि अ‍ॅडॅप्टर किती व्होल्टचा आहे हे बघावं.

८. कुठे थांबायचं

आयसीच्या पायापर्यंत नीट ५ व्होल्ट पोचताहेत, शॉर्ट नाही, कॅसेटच्या पिना स्वच्छ आहेत, दुसरी कॅसेट लावून पाहिली, तरी काही नाही. आता हे विजेचं प्रकरण उरलं नाही. फॅमिकॉमचे दोन मुख्य आयसी रिको कंपनीने खास त्याच यंत्रासाठी बनवले होते. ते आता तयार होत नाहीत, दुसऱ्या बंद यंत्रातूनच काढून घ्यावे लागतात. आणि चाळीस पायांचा आयसी ट्रॅक न उखडता काढणं हे सरावाच्या हाताचं काम आहे. नंतरच्या स्वस्त नकलांमध्ये तर आयसीच्या जागी बोर्डावर घट्ट झालेला काळा थेंबच असतो. तो गेला की गेला. त्याची वीज तपासा, त्याचा जॅक-स्विच दुरुस्त करा, पण थेंबावर वेळ घालवू नका.

शॉर्ट आहे पण सापडत नाही, तेव्हाही चांगल्या मेकॅनिककडे जावं. त्याच्याकडे करंटला मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय असतो. तो ५ व्होल्टच्या लाइनला मोजकाच करंट देतो आणि बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर पसरतो. जिथला थर सगळ्यांत आधी वाळतो, तो भाग तापतोय, शॉर्ट तिथे. उजळ पडद्यासोबत चार्ज होणारी लिथियम बॅटरी बसवलेल्या गेम बॉयची बॅटरी फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. यंत्र तसंच घेऊन जा.

मेकॅनिककडे जाताना ‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. काय बदललं होतं, कधी, त्यानंतर किती दिवस चाललं, कुठला अ‍ॅडॅप्टर लावला होता, आणि तुमच्या मीटरवर कुठे किती व्होल्ट आले हे एका कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा वेळ आणि तुमचे बरेचसे पैसे वाचतील. मूळ भाग काढले असतील तर परत मागून घ्या, टाकू देऊ नका. आणि यंत्र चालू झालं की त्याच दिवशी त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर जाड पेनने यंत्राचं नाव, व्होल्ट आणि आतली पिन प्लस की मायनस हे लिहून ठेवा.